रॉड्रिग्जमधील आठ दिवस

सुट्टी घ्यायची म्हटले की आपल्या मॉरिशसच्या मराठी घरांत दोनच नावे निघतात. ज्यांच्याजवळ थोडे पैसे साठले आहेत ते भारताचे नाव काढतात. पंढरपूर, शिर्डी, कोल्हापूरची अंबाबाई आणि जमलेच तर पूर्वजांचे गाव शोधायला रत्नागिरी. ज्यांना तेवढे जमत नाही ते रविवारी बिर्याणीची देग घेऊन फ्लिक आँ फ्लाकला फिलाओच्या सावलीत जाऊन बसतात. या दोहोंच्या मधले एक नाव मात्र आपल्या तोंडी क्वचितच येते. ते म्हणजे रॉड्रिग्ज. आपल्याच देशाचे बेट. तिथे जायला मॉरिशसच्या नागरिकाला पासपोर्टही लागत नाही. तरीही वयाची साठी उलटेपर्यंत मी ते पाहिले नव्हते.

गेल्या ऑक्टोबरात मी तिथे आठ दिवस राहून आले. नेणारी माझी मैत्रीण. ती जन्माने रॉड्रिग्जची. मॉरिशसच्या एकाच सरकारी प्राथमिक शाळेत आम्ही दोघींनी बावीस वर्षे काढली. ती वर्गशिक्षिका आणि मी मराठीची. मधल्या सुट्टीत तिचा पाव आणि माझी दालपुरी यांची अदलाबदल व्हायची. निवृत्त झाल्यापासून ती दरवर्षी म्हणायची, “या वर्षी तरी चल.” आणि मी दरवर्षी काही ना काही कारण सांगायची.

या वेळी जाण्यामागे एक कारण होते, ते सांगायला थोडा संकोच वाटतो. आमच्या मंडळाचा संध्याकाळचा मराठी वर्ग मी अनेक वर्षे चालवते आहे. १९९१ साली आपल्या या बेटावर जागतिक मराठी परिषद भरली तेव्हा मी तरुण शिक्षिका होते. त्या दिवसांत आमच्या वर्गात बाक अपुरे पडत आणि लहान मुले चटईवर बसत. आता पटावर सहा मुले उरली आहेत आणि त्या सहांत माझा सख्खा नातू नाही. सप्टेंबरच्या बैठकीत मंडळी म्हणाली, “बाई, मुले शाळेत मराठी शिकतातच. हा वर्ग आता थांबवावा का? तुम्हीच विचार करून सांगा.” मी म्हटले, महिनाभराने सांगते. घरी आले आणि मैत्रिणीला फोन केला, “तिकिटे काढ.”

पंख्याच्या विमानातून

रॉड्रिग्ज मॉरिशसच्या पूर्वेला साडेपाचशे किलोमीटरहून अधिक दूर आहे. पंख्याच्या लहान विमानाला सुमारे दीड तास लागतो. खिडकीतून पहिल्यांदा दिसते ते बेट नव्हे, तर बेटाभोवतीचे पाणी. खडकांच्या कड्याच्या आतले ते उथळ, फिकट हिरवे लगून जमिनीच्या जवळजवळ दुप्पट मोठे आहे. जमीन अवघी १०८ चौरस किलोमीटर. सर्वांत उंच डोंगर मों लिमाँ, उंची ३९८ मीटर. लोकवस्ती चाळीस हजारांहून थोडी अधिक, आणि ती बहुतेक सगळी क्रेओल व कॅथलिक. २००२ सालापासून बेटाची स्वतःची प्रादेशिक विधानसभा आहे. उसाचे मळे नाहीत. आपल्याला ज्या उसासाठी जहाजात घालून आणले, तो ऊसच इथे नाही, हे पाहून माझ्यासारखीला आधी चुकल्यासारखे झाले. आपल्या पूर्वजांचा कोणताही घाट इथे नाही, आपले देऊळ नाही, ओळखीचे आडनाव नाही. इथे मी निव्वळ पाहुणी होते.

प्लेन कोरायच्या विमानतळावर मैत्रिणीची मोठी बहीण घ्यायला आली होती. वय सत्तरीच्या पुढे, कपाळावर गवती टोपी, हाताची पकड पुरुषासारखी. मी तिला काय म्हणावे, हा प्रश्न होता. आपल्यात वडीलधाऱ्या बाईला नावाने हाक मारत नाहीत. मी तिला “ताई” म्हणू लागले. अर्थ सांगितल्यावर ती हसली आणि दुसऱ्या दिवसापासून मैत्रीणही तिला ताई म्हणू लागली.

एक बादली पाणी

पहिल्याच संध्याकाळी माझ्या हातून चूक झाली. प्रवासाने अंग आंबले होते, केसांत धूळ होती. मी न्हाणीघरात गेले, मनसोक्त डोक्यावरून आंघोळ केली, वर दोन कपडे धुऊन टाकले. बाहेर आले तर स्वयंपाकघरात दोघी गप्प उभ्या. घरामागच्या टाकीतले पाणी तळाला गेले होते. नळाचे पाणी कधी यायचे ते ठरलेले नसते आणि पाऊस लांबलेला. ताई काही बोलली नाही. तिने बादली उचलली आणि शेजारणीकडे गेली.

मैत्रीण मात्र बोलली. क्रेओलमध्ये तिने जे सांगितले त्याचा अर्थ असा, “तुम्ही मोरिसियन लोक इथे येता आणि सगळे हॉटेल समजून वागता.” बावीस वर्षांत ती मला “तुम्ही लोक” असे कधी म्हणाली नव्हती. रात्री झोप लागली नाही. वाक्वाला सार्वजनिक नळावर रांग लावून पाणी भरलेली मी. घागर डोक्यावर घेऊन चढ चढणारी माझी आजी मी या डोळ्यांनी पाहिली आहे. घरात नळ आला आणि चाळीस वर्षांत मी ते सारे विसरले.

दुसऱ्या दिवशी पहाटे उठून मी ताईबरोबर शेजारणीची बादली परत करायला गेले, सोबत वाक्वाहून नेलेल्या करंज्यांचा डबा घेतला. पुढचे सात दिवस माझी आंघोळ एका बादलीत झाली आणि काही अडले नाही.

शनिवारचा बाजार

पोर्ट मातुराँ ही रॉड्रिग्जची राजधानी. राजधानी म्हटले तरी तास-दीड तासात पायी फिरून होते. शनिवारी पहाटे तिथे बाजार भरतो आणि सकाळी उशिरा गेलेल्याला रिकाम्या टोपल्या दिसतात. तांबडा घेवडा, मका, छोटी रसरशीत लिंबे, मध, लोणच्याच्या बाटल्या, उन्हात वाळवलेला ऑक्टोपस, वाक्वाच्या पातीच्या टोपल्या आणि पपई किंवा नारळ भरलेली तुर्त नावाची गोड पोळी. तिथल्या मिरच्या आकाराने लहान, पण आपल्या ठेच्यालाही हार जाणार नाहीत.

गर्दी होती ती बहुतेक आमच्यासारख्या मॉरिशसहून आलेल्या पाहुण्यांची. सगळ्यांच्या हातात फोन, सगळे घाईत. मी मिरचीच्या लोणच्याची बाटली उचलली आणि सवयीने भाव पाडून मागितला. विकणारी बाई काही न बोलता खाली पाहू लागली. मैत्रीण कानाशी म्हणाली, “ग्राँ बेला एखाद्या परदेशी पाहुण्याने तुझ्या मावशीशी असा भाव केला, तर तू काय म्हणशील?” मी पुरते पैसे दिले. ग्राँ बे आणि फ्लिक आँ फ्लाकच्या किनाऱ्यांवर हॉटेले उभी राहिली तेव्हा आपल्या घरांत झालेली कुरकुर मला आठवली. समुद्र आपला, पण पाहुण्यांना त्यात आपण दिसतच नाही, असे आपण म्हणत होतो. रॉड्रिग्जच्या बाजारात त्या जागी मी उभी होते.

पाहण्यासारखे

आता बेटावर काय पाहिले ते थोडक्यात सांगते. पूर्वेला सें फ्रान्स्वाहून किनाऱ्याच्या पायवाटेने चालत त्रू दार्जाँला जाता येते. दोन खडकांच्या मध्ये लपलेली इवलीशी वाळू, जणू ओंजळ. वाट चढउताराची आहे, गुडघे दुखणाऱ्यांनी काठी घ्यावी. पश्चिमेला होडीने इल ओ कोको. तिथे समुद्रपक्ष्यांची वस्ती आहे आणि पिले हाताच्या अंतरावर बसलेली असतात. हात मात्र लावायचा नसतो. मध्ये डोंगरावर सें गाब्रिएलचे भले मोठे चर्च. १९३० च्या दशकात गावकऱ्यांनी, बायकामुलांसकट, दगड आणि वाळू डोक्यावरून वाहून ते उभारले. ताईची आई त्यांत होती. आपल्या वाडवडिलांनी उसाच्या कामावरून आल्यावर कशी देवळे उभारली, ते मी ताईला सांगितले. ती म्हणाली, “मग तुमचे आणि आमचे खांदे सारखेच.”

आँस किटोरला फ्रान्स्वा लगा या फ्रेंच प्रवाशाच्या नावाने २००७ साली उघडलेले कासवांचे उद्यान आहे. लगा १६९१ ते १६९३ अशी दोन वर्षे इथे राहिला. त्याने महाकाय कासवांचे कळप पाहिले आणि सोलितेर नावाचा उडता न येणारा पक्षीही पाहिला. पुढच्या शतकात जहाजे हजारो कासवे खाण्यासाठी मॉरिशसला घेऊन गेली. कासवांच्या इथल्या दोन्ही जाती संपल्या, सोलितेरही संपला. आज उद्यानात फिरणारी कासवे दुसऱ्या बेटांवरच्या जातींची आहेत. म्हणजे या बेटाला रिकामे करण्यात आपल्या बेटाचाही हात होता.

पण सगळेच संपले असे नाही. रॉड्रिग्जचे सोनेरी वटवाघूळ १९७० च्या दशकात शंभराच्या आत उरले होते. आज ती हजारोंनी आहेत आणि संध्याकाळी डोक्यावरून जाताना दिसतात.

बंदी उठण्याची सकाळ

आम्ही गेलो तेव्हा ऑक्टोपसच्या शिकारीवरची बंदी उठायची होती. ऑक्टोपसला क्रेओलमध्ये ऊरीत म्हणतात हे आपण जाणतोच. ओहोटीला लगूनमध्ये गुडघाभर पाण्यातून मैलोन् मैल चालत, हातातल्या टोकदार सळईने खडकाच्या बिळातून ऊरीत काढायचे, हे रॉड्रिग्जमध्ये पिढ्यान् पिढ्या बायकांचे काम आहे. ताईने पन्नास वर्षे ते केले. मुलांची शिक्षणे, मैत्रिणीचे मॉरिशसचे कॉलेजसुद्धा, त्या सळईवर झाले.

कालांतराने ऊरीत कमी होत गेले आणि हाताला लागतील तेही लहान. तेव्हा २०१२ साली पहिल्यांदा दोन महिने शिकार बंद ठेवण्यात आली. ऊरीतचे आयुष्य साधारण वर्ष-सव्वा वर्षाचे, पण वाढ फार झपाट्याची. दोन महिने हात लावला नाही तर त्याचे वजन कितीतरी वाढते आणि अंडी घालायलाही अवसर मिळतो. बंदीच्या काळात या बायकांना किनाऱ्याची सफाई वगैरे दुसरी कामे देण्यात आली.

ताई म्हणाली, “पहिल्या वर्षी आम्ही खूप भांडलो. समुद्र आमचा, आणि आम्हालाच येऊ नका म्हणता? पण बंदी उठली त्या दिवशी पाण्यात गेले आणि पाहिले. तेवढी मोठी ऊरीत मी लग्न झाल्यापासून पाहिली नव्हती.”

बंदी उठली त्या सकाळी आम्ही किनाऱ्यावर गेलो. अजून उजाडायचे होते. बायका, पुरुष, तरुण मुले, सगळे टोप्या आणि रबरी बूट घालून उभे. जत्रेसारखी गर्दी. ओहोटी लागली तशी रांगच्या रांग पाण्यात उतरली आणि दूर कड्यापर्यंत ठिपके ठिपके दिसू लागले. ताईचे गुडघे आता पाण्यात उतरू देत नाहीत. ती काठावर बसून प्रत्येकीला नावाने हाक मारत होती. मी शेजारी बसले. मला वर्ग आठवला. मनात आले, वर्षभर वर्ग बंद ठेवला तर आपली मराठीही अशीच वाढून परत येईल का? मी मैत्रिणीला ते बोलून दाखवले.

ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, “ऊरीतला सोडून दिले की ते आपले आपण वाढते. भाषेला सोडून दिले तर ती वाढते का, हे तू मला सांग. तू बाई आहेस. उद्या तुला एक झाड दाखवते.”

कफे मारों

दुसऱ्या दिवशी आम्ही ग्राँ मोंतान्यच्या राखीव जंगलात गेलो. तिथे देशी झाडे पुन्हा लावून वाढवली जात आहेत. मैत्रिणीने मला एका झुडपापाशी उभे केले. दिसायला साधे. तिने मला कोवळे रोप आणि मोठे झाड शेजारी शेजारी दाखवले. रोपाची पाने लांब, अरुंद, तपकिरी झाक असलेली, आणि मोठ्या झाडाची रुंद, हिरवीगार. दोन वेगळी झाडे वाटावीत. कासवांना कोवळी पाने सहज दिसू नयेत म्हणून ही युक्ती, असे जाणकार मानतात. कासवे गेली, पण झाड अजून त्यांना भिऊन आहे.

हे कफे मारों. जगात दुसरीकडे कुठेही रानात न उगवणारे. अनेक दशके ते नामशेष झाले असेच सर्वांनी धरले होते. १९८० साली इथल्या एका शिक्षकाने वर्गातल्या मुलांना आसपासच्या देशी वनस्पती शोधून आणायला लावले, आणि एका मुलाने या झाडाची फांदी वर्गात आणली. सगळ्या जगात तेवढे एकच झाड उरले होते. त्याला कुंपण घातले, तर उलटेच झाले. कुंपण आहे म्हणजे झाड गुणाचे असणार, म्हणून लोक औषधाला फांद्या आणि पाने तोडून नेऊ लागले. पुन्हा कुंपण, त्याबाहेर आणखी कुंपण. १९८६ साली फांद्यांची कलमे लंडनच्या क्यू उद्यानात पाठवली. कलम जगले, पांढरी चांदणीसारखी फुलेही आली, पण बी धरेना. शेवटी २००३ साली तिथल्या कार्लोस माग्दालेना नावाच्या माळ्याने पुन्हा पुन्हा प्रयत्न करून बी धरायला लावले. पुढे ते बी रॉड्रिग्जला परत आले आणि इथे रोपे झाली.

मी त्या झाडापुढे बराच वेळ उभी होते. खरे सांगते, मला त्या झाडापेक्षा त्या शिक्षकाचे कौतुक वाटले. त्याने काही मोठे केले नव्हते. मुलांना म्हटले, शोधून आणा. आणि मी अनेक वर्षे काय केले? मुलांना म्हटले, बसा, फळ्यावरचे उतरवून घ्या. मराठीभोवती मी कुंपण घातले आणि त्याला वर्ग म्हटले. मुलांच्या घरी आजीच्या तोंडी काय उरले आहे, ते मी कधी विचारलेच नाही.

मैत्रिणीला हे सांगितले तेव्हा ती म्हणाली, “आमचीही मुले कामासाठी मॉरिशसला जातात. तिथे त्यांच्या बोलण्याला लोक हसतात, मग ती आमचे शब्द सोडून देतात. सगळे टिकेल असे मी तुला सांगत नाही. पण विचारल्याशिवाय काय उरले ते कळत नाही.”

शेवटच्या रात्री ताईच्या अंगणात शेजारणी जमल्या आणि तंबुर वाजला. रॉड्रिग्जच्या सेगा तंबुरला २०१७ साली युनेस्कोने मानवजातीच्या वारशात घेतले. इथे ढोल बहुधा बायकाच वाजवतात. ताईने मलाही हाताला धरून उठवले. मी आमच्या झाकरीची पावले टाकली. ताल काही जमला नाही, पण कुणी हसले नाही. हसली ती फक्त माझी मैत्रीण, आणि तिला तेवढा हक्क आहे.

परत आल्यावर

मंडळाच्या बैठकीत मी सांगितले, वर्ग थांबवायचा नाही, पण बाकांवरचा वर्ग पुरे. आता शनिवारी दुपारी आम्ही आळीपाळीने मुलांच्या घरी जमतो. घरातली वडीलधारी माणसे सोबत बसतात. प्रत्येक मुलाने घरातून एक मराठी शब्द शोधून आणायचा, पुस्तकातला नव्हे. पहिल्या शनिवारी एका मुलीने “न्याहारी” आणला, एकाने “परडी”. एका मुलाच्या आजीने “उखळ” सांगितले आणि मागच्या अंगणातून ते उचलून दाखवलेही. त्यावर सध्या कोंबड्या पाणी पितात.

मुले अजून सहाच आहेत. वाढली असे खोटे लिहिणार नाही. माझा नातू आलेला नाही. मात्र परवा जेवताना त्याने मला विचारले, “आजी, ‘वाटी’ हा शब्द चालेल का?” मी म्हटले, “चालेल. शनिवारी घेऊन ये.” तो येईल की नाही, हे शनिवारी कळेल.

जाऊ इच्छिणाऱ्यांसाठी चार शब्द. पावसाळा आणि वादळाचे दिवस टाळावेत, तिकीट आधी काढावे. हॉटेलपेक्षा कुणाच्या घरी पाहुणे म्हणून राहणे बरे, कारण तिथले जेवण आणि बोलणे दोन्ही मिळते. शनिवारचा बाजार पहाटे गाठावा आणि मागतील तो भाव द्यावा. किनाऱ्यावरून शंख, प्रवाळ काही उचलू नये. ऊरीतच्या बंदीच्या काळात ताजे ऊरीत मागू नये. आणि सर्वांत आधी, घरच्या बाईला विचारावे, आज पाणी किती आहे.